पहिलं रक्त घरचं

मला सुईची भीती वाटते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. रक्त तपासणाऱ्या घरात मी सून म्हणून आले, आणि आजवर कधी आपणहून बाही वर केली नव्हती. माझी जागा काउंटरवर. नाव विचारायचं, वय विचारायचं, उपाशीपोटी आलात ना विचारायचं आणि आत पाठवायचं. आत काय चालतं ते पडद्यातून ऐकू येतं, तेवढं मला पुरे.

आत वन्सं असायच्या. ह्यांची थोरली बहीण. लॅबमधली मंडळी त्यांना मोठ्या बाई म्हणत, हे ताई म्हणत, माझी लेक आत्या म्हणे, पण वचकून सगळे सारखेच. उंचीला ठेंगण्या आणि आवाज दोन खोल्या ओलांडून येणारा. शीर सापडत नाही म्हणून बाकीच्यांनी हात टेकले की वन्सं यायच्या, माणसाच्या कोपरापाशी दोन बोटं ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ही काय." टोचलेलं कळतसुद्धा नाही, असं लोक सांगतात. मी खात्री करून घेतलेली नव्हती.

लॅब मामंजींनी काढली. एक खोली, खिडकीला लागून एक टेबल आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढाच संसार. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायला तेव्हा काचेची एक बारीक नळी असे. तिच्यात थोडं आम्ल घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब सोडायचा, तो तपकिरी झाला की थेंब थेंब पाणी घालत जायचं. शेजारी तपकिरी काच बसवलेली असते. तिच्याशी रंग जुळला की हात थांबवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. रक्त जितकं चांगलं तितकं पाणी जास्त लागतं. सगळा खेळ नजरेचा. आणि नजर म्हटली की ती कधी थकते, कधी रुसते. म्हणून मामंजींनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. सकाळी पहिलं रक्त आपलं स्वतःचं मोजायचं. आपला आकडा आपल्याला पाठ असतो. तो बरोबर आला तर आज नजर ठीक, नाही आला तर चहा घ्यायचा आणि पुन्हा बसायचं. घरचा नमुना जुळल्याशिवाय बाहेरच्या माणसाला हात लावायचा नाही.

मामंजी गेले तेव्हा नातेवाईक जमले आणि सल्ले सुरू झाले. खोली भाड्यानं द्या, एकट्या बाईमाणसाला हे झेपायचं नाही, वगैरे. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी घरमालकाकडे जाऊन शेजारची खोलीसुद्धा मागितली. पहिलं मोठं मशीन आलं तेव्हा ते दारातून आत जाईना. मशीन घेऊन आलेली माणसं म्हणाली, "बाई, हे परत न्यावं लागेल." वन्संनी मशीनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि सुताराला बोलावून चौकट काढायला लावली. आजही ते दार नीट लागत नाही. थंडीत काउंटरवर वारा येतो तो त्या चौकटीचा, आणि तो खाते मी.

अशी ती लॅब वाढली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे वन्सं स्वतः बर्फाची पेटी घेऊन स्कूटरवरून जायच्या. रक्त घ्यायला दोन मिनिटं लागत आणि सुनांच्या तक्रारी ऐकायला तासभर. डॉक्टर लोक पेशंट पाठवायला लागले ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे, स्वभाव तर असा की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पाठवत ते आकड्यांच्या भरवशावर. नवीन माणूस कामावर घेताना त्याला आधी स्वतःचा हात पुढे करावा लागे. "ज्याला टोचून घेता येत नाही त्यानं दुसऱ्याला टोचू नये." मी काउंटरची, म्हणून सुटले. मला एवढंच शिकवलं होतं, की रिपोर्ट देताना कागदाकडे बघू नकोस, माणसाच्या तोंडाकडे बघ.

मशीन आलं तसं त्याच्याबरोबर कंट्रोलही आलं. म्हणजे कंपनीची एक छोटी बाटली. तिच्यातल्या रक्ताचा आकडा कंपनीनंच ठरवून दिलेला असतो. सकाळी ते मशीनला लावायचं आणि मशीन तोच आकडा सांगतंय ना ते बघायचं. जगात सगळीकडे असंच चालतं. वन्संही बाटली लावायच्या, पण पाहुण्याला विचारतात तसं, विचारायचं म्हणून. खरा विश्वास घरच्या नमुन्यावर. त्यांचा आकडा पावणेतेरा. उन्हाळा असो, हिवाळा असो, घरात भांडण झालेलं असो, पावणेतेरा. बाटलीचं आणि त्यांचं जुळलं नाही तर खोट बाटलीत. "प्रवासात तापली असेल," म्हणायच्या. "तिच्यावर भरवसा ठेवायला ती काय आपल्या घरी जेवते?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, त्यातला प्रकार.

माझी लेक डॉक्टर झाली, त्यातही रक्तलघवीच्याच तपासण्यांची, आणि घरी परत आली तेव्हा वन्संच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. त्यांनी ते लगेच पुसलं आणि म्हणाल्या, "आता पुलापलीकडे शाखा काढायची." तिकडची माणसं दोन बस बदलून यायची, हे त्यांच्या मनाला बरीच वर्षं लागून राहिलं होतं. जागा त्यांनी शोधली. खुर्च्या स्वतः बसून बघितल्या, कारण "आजारी माणसाला खुर्चीतून उठता आलं पाहिजे." पडद्यांचा रंगसुद्धा त्यांचा. फक्त एका गोष्टीवर अडलं.

"तिथे मी रोज कंट्रोलवरच चालणार, आत्या," लेक म्हणाली. "घरचा नमुना नाही."

"का गं? तुझ्या अंगात रक्त नाही?"

"आहे. पण रक्त बदलतं. माणूस बदलतो."

"माझं नाही बदलत," वन्सं म्हणाल्या आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. शाखा उघडली आणि लेक तिकडे जाऊन बसली.

काही दिवस बरे गेले. मग एक दिवस कोपऱ्यावरचे बेकरीवाले दोन कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. आमच्याकडे त्यांचं हिमोग्लोबिन साडेबारा, आणि त्याच आठवड्यात पुलापलीकडे जेमतेम दहा. "एका माणसात किती रक्त असतं ते तुम्ही घरातच एकदा ठरवा," ते म्हणाले. मी हसले, पण दोन्ही कागद ठेवून घेतले. त्यांच्यामागून आणखी काहीजण आले. बघता बघता गावभर झालं, की पुलापलीकडच्या लॅबमध्ये रक्त कमी भरतं. शाखेच्या त्या सुंदर खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या.

वन्संनी लेकीला सांगितलं, "तुझं मशीन कमी दाखवतंय. वर घे." लेक म्हणाली, "कंट्रोल बरोबर येतंय, मी हात लावणार नाही." एक म्हणाली बाटली, दुसरी म्हणाली रक्त. जेवताना दोघी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "तुझ्या लेकीला सांग," आणि "आत्याला विचार." मी निरोप पोचवायची, हे आमटी वाढून घ्यायचे. शेवटी वन्सं एक दिवस म्हणाल्या, "बाबांचं नाव पणाला लावून मला शाखा चालवायची नाही. हा महिना बघते, नाहीतर कुलूप लावते." लेक ताटावरून उठली. ती शाखा म्हणजे तिचा जीव होता. आणि खरं सांगायचं तर वन्संचाही होता. म्हणून तर इतकं लागत होतं दोघींना.

त्याच दिवसांत शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, दिवस भरत आलेल्या. काउंटरपर्यंत आल्या आणि टेकूनच उभ्या राहिल्या. "जरा चाललं की दम लागतो," म्हणाल्या. रिपोर्ट मात्र चांगला आला, अकराच्या वर. तो द्यायला वन्सं स्वतः बाहेर आल्या, बाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मला त्यांच्या कपाळावर आठी दिसली. "तोंड काही वेगळं सांगतंय," बाई गेल्यावर त्या पुटपुटल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पण मशीन तर मी आज सकाळीच जुळवलंय."

वाद मिटवायचा म्हणून वन्सं एक दिवस पुलापलीकडे गेल्या आणि लेकीसमोर हात पुढे केला. "माझं लाव. माझं रक्त खोटं बोलत नाही." शाखेतल्या मशीननं दहा दाखवले. आमच्याकडे त्याच सकाळी पावणेतेरा आले होते. "झालं?" वन्सं म्हणाल्या. "आता तरी मान्य कर." आणि त्या जिंकल्यासारख्या घरी आल्या. येताना जिन्यात मध्येच थांबल्या, कठडा धरला. गुडघे, म्हणाल्या. गुडघ्यांचं दुखणं जुनंच. त्याच्या गोळ्या त्या कुणाला न विचारता घ्यायच्या, दुखलं की एक आणि दुखेल म्हणून एक.

लेक त्यांच्या मागोमागच आली, पण आत न जाता स्वयंपाकघरात माझ्यापाशी. तोंड उतरलेलं. मला वाटलं, हरली म्हणून रडवेली झालीय.

"आई, आत्या दुपारचं स्वेटर घालते हल्ली?"

"घालते. आणि रक्त काढताना बसून काढते. वय झालं."

"सकाळी मशीनवर काही फिरवते का ती?"

हे पलीकडे बसले होते. म्हणाले, "ताई ना? अधूनमधून करते की. आकडा जरा खाली आला की म्हणते सरकलंय मशीन, आणते जागेवर. बाटली नाही म्हणते, पण ताई ऐकतेय?"

लेक खाली बसली. "बाबा, सरकलं नसेल तर? आत्याचंच रक्त कमी होत गेलं असेल तर?"

मला समजायला वेळ लागला, कारण माझं डोकं काउंटरचं. पण समजलं तेव्हा मी गॅस बंद करून तिच्याशेजारी बसले. वन्संचं रक्त थोडंसं उतरलं, त्यांनी मशीन तेवढंच चढवलं. आणखी उतरलं, आणखी चढवलं. मशीन त्यांना रोज पावणेतेरा म्हणत राहिलं, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक माणसालाही तेवढंच वाढवून सांगत राहिलं. लेकीची शाखा खरं बोलत होती. आम्ही सगळे रोज त्यांच्या समोरासमोर जेवायला बसत होतो, पण रोजचं तोंड कुणी निरखून बघतं का?

आता हे वन्संना सांगायचं कुणी? तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी लेकीला आणि तिच्या बाटलीला एकाच दारानं बाहेर काढलं असतं. पोरगी हुशार. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी तिनं कपाटावरून मामंजींची जुनी पेटी काढली, धूळ पुसली आणि म्हणाली, "आत्या, आजोबा नळीवर कसं मोजायचे ते मला शिकव ना. मशीन बिघडलं तर निदान एवढं तरी यावं."

वन्संचा चेहरा उजळला. त्यांनी टेबल खिडकीशी ओढायला लावलं. स्वतःच्या बोटाला सुई लावली, आणि शिकवत शिकवत सुरू झाल्या. "घाई करायची नाही. तपकिरी होऊ दे आधी. आता पाणी. एक थेंब, ढवळायचं, बघायचं. बाबा म्हणायचे, ह्यात ज्याला कंटाळा आला त्यानं दुसरा धंदा बघावा." थेंब पडत होते. रंग फिका होत होता. आणि मग वन्संचा हात थांबला. पावणेतेराच्या कितीतरी खाली.

"घाला ना अजून," मी बोलून गेले.

"घातलं तर फिकं पडेल," त्या म्हणाल्या. "जुळलाय रंग."

त्यांनी नळी उजेडाकडे वळवली. ह्यांना दाखवली, मला दाखवली. मलाही तो रंग तसाच दिसला. मग म्हणाल्या, "माझी नजर गेली असेल. तुझं बोट दे." लेकीनं बोट दिलं. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. लेकीचा आकडा तिला पाठ होता, तेराला थोडा कमी. तो अगदी तिथेच आला. नजर गेली नव्हती.

वन्सं स्टुलावर बसल्या. ह्यांनी उगाच खिडकीची कडी काढली आणि घातली.

"आजारी मी पडले," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि औषध मशीनला दिलं."

लेकीनं त्यांचा खांदा धरला. "आत्या, आधी डॉक्टरकडे जायचंय. आत्ता."

"शाळेतल्या बाई," वन्सं म्हणाल्या आणि ताडकन उठल्या. "अगं, त्यांना मी चांगलं म्हणून पाठवलं. त्यांचा आकडा काढ. बेकरीवाल्यांचा काढ. सगळ्यांना बोलवा परत." एवढं बोलून त्या डुलल्या, आणि ह्यांनी धरलं नसतं तर टेबलावरच पडल्या असत्या. तरी हात सोडवून घेत होत्या. आधी पेशंट, आधी पेशंट.

ह्या घरात आल्यापासून मी वन्संसमोर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. "वन्सं, खाली बसा. फोन मी करते. काउंटर माझा आहे, तुमचा नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली. पण बसल्या.

हे त्यांना समोरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि तिथून मोठ्या दवाखान्यात. गुडघ्यांच्या त्या गोळ्यांनी पोटात आतून जखम केली होती, आणि तिथून रक्त झिरपत होतं, कुणाच्या नकळत, रोज थोडं थोडं. वेळेवर कळलं, डॉक्टर म्हणाले. आणखी थोडं गेलं असतं तर सांगता आलं नसतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. लग्न होऊन आले तेव्हा ज्या बाईची मला भीती वाटायची, ती नसेल तर मी ह्या घरात कुणाला घाबरू, एवढंच माझ्या मनात येत होतं.

लॅब बंद ठेवली आणि मशीन कंपनीच्या माणसाकडून नव्यानं लावून घेतलं. मी एकेकाला फोन करत होते. पण वन्सं कसल्या ऐकतात. दवाखान्यातल्या खाटेवर एका हातात रक्त चढतंय आणि दुसऱ्या हातात फोन. "चूक झालीय. मशीनची नाही, माझी. तुम्ही येऊन पुन्हा रक्त द्या, आम्ही तुमच्याकडे आलो तरी चालेल." काही माणसं चिडली. एका गृहस्थांनी कागद फाडून माझ्या काउंटरवर टाकला आणि पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्यांना मी बोल लावत नाही. शाळेतल्या बाई मात्र त्याच दिवशी शाखेत आल्या. रक्त फारच कमी निघालं, त्यांच्या डॉक्टरांनी लगेच उपाय सुरू केले, आणि पुढे सगळं सुखरूप पार पडलं. बेकरीवाले म्हणाले, "म्हणजे पुलापलीकडे बरोबर होतं. आमच्या बायकोला वाटलं, ह्यांचं रक्त पूल ओलांडताना सांडतं."

वन्सं बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा बोलणं कमी झालं होतं. सकाळी लॅबमध्ये यायच्या, पण मशीनच्या खोलीत जायच्या नाहीत. तिथली सकाळ त्यांनी न सांगता लेकीकडे देऊन टाकली. ती आधी इकडचं कंट्रोल लावून मग पुलापलीकडे जायची. वन्संना तसं बाहेर बसलेलं बघवत नव्हतं. रागावल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

मग एका सकाळी त्या काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टोकन दे."

"कुणासाठी?"

"नाव विचार, वय विचार, उपाशीपोटी आलात का विचार. तुझं काम मी सांगू का तुला?"

मी टोकन दिलं. त्या बाकावर बसल्या, इतर पेशंटांच्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. नंबर आल्यावर आत गेल्या आणि बाहेर येऊन पुन्हा तिथेच बसल्या. थोड्या वेळानं लेक कागद घेऊन आली. कागदाकडे न बघता, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "साडेअकरा, आत्या. चढतंय."

"कंट्रोल लावलं होतंस?"

"लावलं होतं."

"बाटली ताजी होती?"

"आजच उघडली."

"मग ठीक आहे," वन्सं म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्या काउंटरला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. त्यांच्या हातात सुई होती.

"चल, बाही वर कर."

"मी कशाला?" मी खुर्चीसकट मागे सरकले. "वन्सं, घरचा नमुना बंद केला ना आपण? मशीनला आता बाटली आहे की."

"मशीनसाठी नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी. किती वर्षं झाली, तुझ्या अंगात काय आहे मला ठाऊक नाही. ह्यापुढे रोज सकाळी घरातलं एकेक माणूस."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, कोपरापाशी दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. त्यांची बोटं गार होती. "तिकडे बघ," त्या म्हणाल्या, "दाराकडे. सुताराला बोलावून ती चौकट नीट करून घेऊ ह्या वर्षी. वारा लागतो तुला." मी दाराकडे बघत राहिले. सुई कधी आत गेली ते मला खरंच कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यामुळे नव्हे.